जुन्या फायबर बोटीचे डेक-ड्रेन: सिलिकॉन नकोच

जुन्या फायबर बोटीचा डेक-ड्रेन (डेकवरचं पाणी बाहेर जाण्याचं तोंड) बदलायचा तर 'जुना ड्रेन उपटा, सिलिकॉन भरा, नवा बसवा' असा सल्ला इथे दिला गेलाय; त्यातलं सिलिकॉन तेवढं पटलं नाही. त्याचा तेलकट अंश फायबरवर राहतो आणि पुढे तिथे ना रंग धरत ना एपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारं रेझिन). फट बुजवायला पॉलियुरेथेन सीलंट वापरा. पॉलिसल्फाइड सीलंटही चांगलं, पण ड्रेन एबीएस प्लॅस्टिकचा असेल तर नको, प्लॅस्टिक तडकतं.

भोकाच्या कडेबद्दल मात्र कुणीच बोललेलं नाही. जुन्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा प्लाय किंवा बाल्सा (हलकं, मऊ लाकूड) असतो. आमच्या बोटीचा ड्रेन काढला तर आतलं प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखं बोटाला लागून आलं. असं कुजलेलं सगळं खरवडायचं, आतला भाग पूर्ण वाळू द्यायचा, मग फिलर (घट्टपणा आणणारी पूड) कालवलेलं घट्ट एपॉक्सी भरायचं आणि ते कडक झाल्यावर त्यातूनच नवं भोक पाडायचं, म्हणजे पाणी आतल्या लाकडापर्यंत पोचत नाही. स्क्रूच्या भोकांनाही हेच. बडोद्यात मकरपुऱ्याकडे फायबरवाल्यांकडे नुसतं 'रेझिन' मागितलंत तर पॉलिएस्टर रेझिन हातात पडेल, तेव्हा एपॉक्सी असं स्पष्ट सांगा. आणि मे महिन्यात वाटीभर एकदम कालवू नका, वाटीतच तापून धूर निघतो. सकाळी लवकर, थोडं थोडं.