मदत हवी आहे: घरी बनवलेल्या फझ पेडलमधून आवाजच येत नाही

कोथरूड_स्ट्रॅट: गिटारचा आवाज खरखरीत करणारं फझ पेडल बनवलंय, सगळं सर्किटप्रमाणे जोडलंय, परत परत तपासलंय तरी ऑन केलं की सगळं गप्प. एलईडी मात्र लागतो. रविवारी प्रॅक्टिस आहे, तोपर्यंत काहीही करून चालू करायचंय. काय असेल? लवकर सांगा प्लीज.

सोल्डरकाका: कुठलं सर्किट? पेडल ऑफ असताना क्लीन गिटार ऐकू येते का? बॅटरी की अडॅप्टर? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

कोथरूड_स्ट्रॅट: फझ फेस या जुन्या प्रसिद्ध पेडलचं, सिलिकॉनचे दोन ट्रान्झिस्टर असलेलं. ऑफला आवाज व्यवस्थित येतो. अडॅप्टर ९ व्होल्टचा.

नऱ्हेकर: अडॅप्टर काढ आधी. घरातला राऊटरचा वगैरे लावला असशील, त्याची मधली पिन पॉझिटिव्ह असते, गिटार पेडलला मधली निगेटिव्ह लागते. मी ९ व्होल्टच्या बॅटरीशिवाय काही टेस्ट करतच नाही.

सोल्डरकाका: नऱ्हेकर, पोलॅरिटी उलटी असती तर एलईडी लागला असता का? आणि ऑफला आवाज येतोय म्हणजे दोन्ही जॅक आणि केबलही ठीक आहेत. गडबड बोर्डावर आहे नाहीतर फूटस्विचपासून बोर्डापर्यंतच्या वायरींत.

नऱ्हेकर: बॅटरी लावून बघायला काय जातंय पण? अडॅप्टरने हैराण झालेले खूप पाहिलेत.

बास_आणि_बासरी: एवढा खटाटोप कशाला रे, सेकंडहँड मल्टिइफेक्ट घे, त्यात वीस फझ असतात. बरं, माझ्या ट्यूब अँपला खूप हम (सतत घूंऽऽ आवाज) येतोय, उघडून बघू का?

जर्मेनियम_प्रेमी: सिलिकॉन घेतलास तिथेच मजा गेली. फझ फेस १९६६ साली आला तो जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवर. गिटारचा व्हॉल्यूम जरा कमी केला की जो क्लीन आवाज येतो ना, तो सिलिकॉनला येत नाही.

सोल्डरकाका: त्याचं चालू पेडल सुधारायचं नाहीये, बंद पडलेलं चालू करायचंय. शिवाय जर्मेनियम बहुतेक पीएनपी प्रकारचे, म्हणजे ग्राउंडला पॉझिटिव्ह, इतर पेडलांच्या अडॅप्टरवर एकत्र जोडता येत नाही. @कोथरूड_स्ट्रॅट, मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला ठेव आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरच्या (तीन पायांपैकी एक) पॅडवर व्होल्टेज सांग. साधारण साडेचार हवेत.

कोथरूड_स्ट्रॅट: सप्लाय ९.२ येतोय. कलेक्टरला १.१. रेझिस्टर सगळे मोजले, बरोबर आहेत. बॅटरी लावूनही तेच.

सोल्डरकाका: १.१ म्हणजे दुसरा ट्रान्झिस्टर पूर्ण ऑन होऊन बसलाय, सिग्नलला हलायला जागाच नाही. ट्रान्झिस्टर नक्की कुठले लावलेस? नंबर वाचून सांग.

कोथरूड_स्ट्रॅट: लेआउटमध्ये बीसी५४७ होते. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दुकानदाराकडे संपले होते, त्याने टूएन३९०४ दिले, म्हणाला सेमच आहेत. चित्रात सपाट बाजू जिकडे होती तिकडेच ठेवून लावलेत.

सोल्डरकाका: मग हेच. दोन्ही एनपीएन प्रकारचे, काम जवळपास सारखं, पण पाय उलटे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की बीसी५४७ चे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. टूएन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. दोन्ही काढ आणि अर्धा फेरा फिरवून लाव, बेस मधेच राहील. पंपाने सोल्डर ओढून एकेक पाय मोकळा कर, पाय हलायला लागल्याशिवाय ट्रान्झिस्टर ओढू नकोस, नाहीतर व्हेरोबोर्डाची तांब्याची पट्टी वर येते. यापुढे सॉकेट लाव.

नऱ्हेकर: तरी आवाज नाही आला तर सिग्नल ऐकायचा प्रोब बनव, केबलच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून अँपला जोड आणि इनपुटपासून एकेक टप्पा ऐकत जा. जिथे आवाज तुटेल तिथे चूक.

कोथरूड_स्ट्रॅट: आला आवाज!!! फिरवल्याबरोबर कलेक्टरला ४.२ आले. भन्नाट वाजतंय, व्हॉल्यूम थोडा कमी वाटतोय पण चालेल. काका, नऱ्हेकर, खूप थँक्स. थ्रीपीडीटी (नऊ पिनांचा) फूटस्विच पुण्यात चांगला कुठे मिळेल? माझा कधीकधी अडकतो.

जर्मेनियम_प्रेमी: ऑनलाइनच मागव, आणि पुढचं पेडल जर्मेनियमचं कर.

बास_आणि_बासरी: माझ्या हमचं?

सोल्डरकाका: ट्यूब अँप उघडू नकोस. बंद करून प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं. वेगळा धागा काढ, आणि हम गिटार न जोडताही येतो का ते लिही.