मोटारीची चाके ट्रेलरला बसवावीत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एका आसाचा, पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेला, सामान वाहण्याचा उघडा ट्रेलर आहे. त्याच्या टायरांची नक्षी अजून बरी असली, तरी साइडवॉलवर बारीक भेगा दिसू लागल्यामुळे ते बदलणे भाग आहे. मोटारीला अलॉय चाके बसवल्यापासून तिची मूळ लोखंडी चाके टायरांसह पडून आहेत आणि दोन्हीकडे पाचच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिलिमीटर असल्याने ती ट्रेलरच्या हबवर बसतात. ती वापरली, तर मोटार आणि ट्रेलर या दोहोंना मिळून एकच स्टेपनी पुरेल, हा त्यातला खरा मोह आहे.

टायर १९५/६५ आर १५, भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा सांकेतिक आकडा) ९१, म्हणजे प्रत्येकी ६१५ किलो. मोटारीचा टायर ट्रेलरला लावताना ही क्षमता १.१० ने भागून धरावी असा संकेत असल्यामुळे मी प्रत्येकी ५५९, म्हणजे दोन्ही मिळून १११८ किलो धरले आहेत. रिकाम्या ट्रेलरचे वजन २८० किलो आहे आणि माल जास्तीत जास्त ८०० किलो भरतो. एकूण १०८० किलोंपैकी दहा टक्के भार मोटारीच्या हुकावर जातो असे मानले, तर आसावर ९७२ किलो उरतात. कागदावर हे पुरेसे दिसते. पण माल एका बाजूला सरकून विभागणी ५८-४२ झाली, तर एकट्या टायरवर ५६४ किलो येतात आणि मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

दुसरी शंका ऑफसेटची, म्हणजे रिम हबला टेकते ती बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे त्या अंतराची आहे. ट्रेलरच्या जुन्या रिमचा ऑफसेट शून्य, तर मोटारीच्या रिमचा ४५ मिलिमीटर आहे. सध्या टायर आणि पाटा यांच्यात ६० मिलिमीटर जागा आहे. ही चाके चालतील का, की केवळ स्टेपनीच्या सोयीसाठी मी नसता धोका पत्करतो आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आपला भाराचा हिशोब बरोबर आहे, परंतु माझ्या मते अडचण ऑफसेटचीच मोठी आहे. जुना टायर १९५ ऐवजी १७५ मिलिमीटर रुंदीचा असेल, तर चाक ४५ मिलिमीटर आत सरकेल, रुंदीचे आणखी १० मिलिमीटर जातील आणि पाट्यापाशी जेमतेम ५ मिलिमीटर उरतील. भरल्या ट्रेलरचा टायर वळणावर कलतो तेव्हा एवढी जागा पुरत नाही. शिवाय दोन चाकांमधले अंतर ९० मिलिमीटरने घटून ट्रेलर कलंडण्याची शक्यता वाढेल आणि दोन बेअरिंगांच्या मधून जाणारी भाररेषा आत सरकून आतल्या बेअरिंगवर फार ताण येईल. स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती) लावून ही चूक झाकण्याच्या भानगडीत पडू नये.

टायर हातचे सोडायचे नसतील, तर त्याच बोल्ट-वर्तुळाच्या, शून्य ऑफसेटच्या आणि आपल्या भाराला पुरतील अशी क्षमता छापलेल्या ट्रेलर-रिम घेऊन त्यांवर ते चढवता येतील. आपल्या लोखंडी रिमवर क्षमता छापलेली नसेल, तर ती अंदाजाने धरू नये. नव्या रिमच्या नटांची बैठकही पाहून घ्यावी, कारण शंकूच्या आकाराचा नट गोल बैठकीवर घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पुढे सैल पडतो. शक्य असल्यास याच मापाचे, पण जादा भाराचे, ९५ भारांकाचे टायर घ्यावेत. त्यांची क्षमता ६९० किलो असल्याने १.१० ने भागल्यावरही प्रत्येकी ६२७ किलो उरतात आणि आपली ५८-४२ ची भीती मिटते. आताच्या ९१ भारांकाच्या टायरांची पूर्ण क्षमता ३६ पीएसआय दाबालाच मिळते. मोटारीच्या दारावरच्या पट्टीवर याहून कमी आकडा असेल, तर तो ट्रेलरला लागू करू नये.

रिम वेगळ्या झाल्याने एकच स्टेपनी मात्र विसरावी लागेल, ट्रेलरला स्वतःची वेगळी ठेवावी. आणि हे टायर बरेच दिवस पडून असतील, तर साइडवॉलवरील उत्पादनाचे चार अंक आधी पाहावेत. उदाहरणार्थ २३१६ असेल, तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. ते अंक आणि जुन्या टायरची नेमकी रुंदी इथे कळवलीत, तर हे टायर नव्या रिमवर चढवण्याजोगे आहेत की नाही ते सांगता येईल.