विषय: गणपतीची तारीख कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी,

यंदा (२०२६) चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. आपल्या मंडळाचा गणपती कधी करायचा यावर तीन सूचना आल्यात: आदल्या दिवशी रविवारी, तिथीलाच सोमवारी संध्याकाळी, किंवा शनिवारी १९ला. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोलने हे ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं. तिथे कोणी कशाला मत दिलं ते लगेच दिसतं आणि ज्येष्ठांचं मत पडलं की पुढचे त्यांच्याच मागे जातात. शिवाय सुट्टीचा दिवस हवा असणाऱ्यांची मतं रविवार-शनिवारात फुटली, तर बहुतेकांना नको असलेला सोमवार निवडून येईल.

आपल्या न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधलंच लूमिओ हे गटाने ऑनलाइन निर्णय घ्यायचं साधन वापरू या. आर्थिक विषमतेविरुद्धच्या ऑक्युपाय चळवळीतल्या मंडळींनी २०१२मध्ये सहकारी तत्त्वावर उभं केलेलं. चर्चा आणि मतदान एकाच जागी होतं. पसंतीक्रम लावायचा: पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. मुदत संपेपर्यंत निकाल झाकून ठेवता येतो, हवं तर मतदारांची नावंही गुप्त ठेवता येतात, आणि चर्चा वाचून मत बदललं तर तेही चालतं.

– सचिव

---

ताई,

पसंतीक्रम पटला. गुप्त मतदान मात्र नको. तारखेसारख्या गोष्टीत माणसाने नावानिशी बोलावं. आणि आमच्या हिचा ईमेल मुलगा उघडतो. तिच्या नावावर त्याने मत टाकलं, तर ते तिचं कसं म्हणायचं? आयुष्यभर तिथीलाच गणपती बसवलाय तिने.

– लोअर हटचे काका

---

काका,

काकूंचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. बरं झालं लिहिलंत. मी रविवारी टॅबलेट घेऊन येते. काकूंनी स्वतः क्रम लावायचा, मुलाने नाही. असे आणखी कोण आहेत ते कळवा, समितीतलं कोणीतरी प्रत्येकाकडे जाईल.

नावं उघड ठेवू, पण मुदत संपल्यावरच दिसतील अशी. हे आधीच ठरवायला हवं, कारण लूमिओवर एकदा गुप्त मतदान निवडलं की नंतर ते उघड करता येत नाही.

समितीच्या निवडणुकीत मात्र मी गुप्त मतदानाचाच आग्रह धरणार. रोज भेटणाऱ्या माणसाला उघडपणे नाकारणं कोणालाच जमत नाही. पण ती निवडणूक आपल्या मंडळाच्या घटनेत लिहिलेल्या पद्धतीनेच घ्यावी लागेल, त्यामुळे तो विषय वार्षिक सभेत घेऊ.

आता एकच प्रश्न उरतो आणि तो सगळ्यांना आहे: कौटुंबिक सदस्यत्वाला एक मत, की घरातल्या प्रत्येक प्रौढाला एक? हे ठरल्याशिवाय मी मतदान उघडणार नाही. शुक्रवारपर्यंत इथेच लिहा.

– सचिव