मदत हवी आहे: आरोग्यसेवेतला एआय, मान्यता मिळाली पण पैसे कोण देतं?

नमस्कार मंडळी,
आरोग्यसेवेत एआय आणण्याची वेगवेगळ्या सरकारांची धोरणं शेजारीशेजारी ठेवून वाचतेय. मान्यतेचा भाग बऱ्यापैकी उमगला. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने 2018 मध्ये आयडीएक्स-डीआर या एआय सॉफ्टवेअरला परवानगी दिली; मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा ते शोधतं. मधुमेही रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा, निकाल सॉफ्टवेअरच देतं; नेत्रतज्ज्ञाने तो फोटो वाचायची गरज नाही. युरोपीय संघाच्या 2024 च्या एआय कायद्यात अशी साधनं जास्त जोखमीच्या गटात मोडतात. आरोग्यातल्या एआयसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिलेली सहा तत्त्वंही वाचली. तत्त्वं छानच आहेत हो, पण त्यांनी बिल भागत नाही!

माझं घोडं अडलंय ते इथेच. जर्मनीत 2019 च्या कायद्यामुळे डॉक्टर ठरावीक आरोग्य अ‍ॅप्स लिहून देऊ शकतात आणि पैसे वैधानिक (कायद्याने ठरवलेला सार्वजनिक) आरोग्य विमा भरतो. निदान करणाऱ्या एआयसाठी अशी सोय कोणत्या देशांनी केलीय? की रुग्णालयांनाच आपल्या बजेटमधून भागवावं लागतं?

शिवाय, सॉफ्टवेअर अपडेट झालं तर ठरलेला दर तसाच राहतो का? सरकारी खरेदी किंवा आरोग्य विम्यात काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. मूळ शासकीय कागद असेल तर उत्तमच, बातम्या पुष्कळ वाचून झाल्यात.