गोल्फ कार्ट चढावर मंदावते: पूर्ण संच बदलावा का?

प्रश्न: आमच्या संकुलातील ४८ व्होल्टच्या गोल्फ कार्टमध्ये ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. चार्जिंगनंतर एकूण व्होल्टेज ५०.५ दिसते, तरीही ज्येष्ठांना घेऊन चढ चढताना गाडी मंदावते. सगळ्याच बॅटऱ्या बदलाव्यात का?

उत्तर १: एवढ्यात खर्च करू नका. गाडी उभी असतानाचे व्होल्टेज फसवे असते, कारण खराब बॅटरीही भार नसताना निरोगी आकडा दाखवते. प्रत्येक बॅटरीला लोड टेस्टर (भार देऊन व्होल्टेज मोजणारे उपकरण) लावून पाहा; पाच बॅटऱ्या साडेसात व्होल्टच्या आसपास टिकल्या आणि एकच सातच्या खाली कोसळली, तर दोषी तीच. त्याआधी टर्मिनल तपासा, कारण पांढरट-हिरवट थर साचलेला सांधा चढावर हाताला चटका बसेल इतका तापतो.

उत्तर २: हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधील (बॅटरीतील स्वतंत्र कप्प्यातील) द्रावणाची घनताही मोजावी. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये ती साधारण १.२७ असते, एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५ ने मागे असेल, तर आधी इक्वलायझिंग चार्ज (सर्व सेल समान पातळीवर आणण्यासाठी मुद्दाम दिलेले जादा चार्जिंग) देऊन पुन्हा मोजा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच.

प्रश्नकर्ता: चौथ्या बॅटरीचा एक सेल इक्वलायझिंगनंतरही १.१५ वरच अडकला आहे.

उत्तर १: मग ती बॅटरी गेली. संच तुलनेने नवा असेल तर त्याच क्षमतेची एकच बसवा. जुना असेल तर मात्र सहाही बदलणे योग्य, कारण थकलेल्या बॅटऱ्यांच्या संगतीत नवी बॅटरीही लवकर खचते. यापुढे डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच भरा. प्लेट उघड्या पडल्या असतील, तर तेवढ्या बुडतील इतकेच आधी घाला.