लूप पुढं सरकेना? खोडून बघ की
कॉम्प्युटरवर डान्स ट्रॅक बनवतोयस, आठ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, झक्कास झालाय, पण तीन दिवस गाडी तिथंच, म्हणतोस. मीही असाच अडकायचो. नवं काही घालू नकोस. तोच लूप पाच मिनिटांवर पसरव आणि जागोजागी एकेक वाद्य खोडत जा. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) आठ बार म्हणजे नेमके १५ सेकंद, म्हणजे असे २० तुकडे. पहिल्या दोनांत नुसती किक (ड्रमचा जड ठोका) आणि हॅट (झांजेची टिकटिक), मग बेस (खालचा जाड सूर). मधे किक काढून पॅडच (मागं लांबत राहणारे सूर) ठेव. ड्रॉपआधी (सगळं परत जोरात पडतं ती जागा) एक बार किक-बेस दोन्ही बंद, फक्त स्नेअर रोल (स्नेअर ड्रमची सलग तडतड). आपल्या बेळगावात विसर्जन मिरवणुकीत ढोल थांबतात, एकटा ताशा तडतडतो आणि ढोल परत पडले की पोरं कशी उसळतात, बघितलायस न्हवं? तेच. हेडफोनवर मात्र बेस ठरवू नकोस, फसवतो.