मदत हवी आहे: माझदाच्या टर्बो १३बी रोटरी इंजिनासाठी बेस गाडी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी ऑकलंडला असतो आणि रोटरी इंजिनाचं (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात ते) वेड मला इथेच लागलं. सिग्नलला शेजारी ब्रॅप-ब्रॅप करत माझदाची आरएक्स-७ येऊन उभी राहिली की माणूस कामातून जातो. वडिलांना फोनवर सांगितलं, जुनी माझदा घेऊन तिच्यावर काम करणार आहे. ते म्हणाले, "मिनी बस कशाला रे?" त्यांच्या लेखी माझदा म्हणजे स्वराज माझदा.

तर अडचण अशी. एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये सहा वर्षं पडून असलेलं एफसी (म्हणजे दुसर्‍या पिढीच्या) आरएक्स-७ चं दोन रोटरचं १३बी टर्बो इंजिन गिअरबॉक्ससकट स्वस्तात मिळालं. आता ते बसवायला गाडी हवी. शनिवार-रविवार रस्त्यावर आणि वर्षातून दोन-चारदा हॅम्प्टन डाउन्सच्या ट्रॅकवर, एवढाच वापर. ३०० हॉर्सपॉवर मिळाली तरी भरून पावलो. सगळं मिळून २५,००० डॉलर आहेत. एफडी, म्हणजे त्यापुढच्या पिढीची आरएक्स-७, त्यात बसत नाही, तेव्हा तो सल्ला देऊ नका, जिवाला लागतं.

माझं मन आरएक्स-८ वर आहे. २००४ ची आहे, इंजिन गेलंय म्हणून मालक जवळजवळ भंगाराच्या भावात देतोय. सस्पेन्शन उत्तम, बॉडी धड, मागे पोरीची सीटही बसते. वायरिंगची मात्र धास्ती वाटते. मूळचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काढला की मीटर आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग दोन्ही रुसून बसतात म्हणे. (तिच्याच रेनेसिस या रोटरी इंजिनाला टर्बो का नाही, असं कुणीतरी विचारेलच. त्याचे एक्झॉस्ट पोर्ट साइडला आहेत, कॉम्प्रेशन टर्बोला जरा जास्तच, १०:१, आणि मुळात ते इंजिनच गेलेलं आहे. मला नको.)

दुसरी १९९० ची एमएक्स-५, माझदाचीच छोटी दोन सीटची गाडी. हजार किलोच्या आतली गाडी, मजा येईल. पण तोंड एवढंसं, त्यात मोठा रेडिएटर, इंटरकूलर आणि ऑइल कूलर कोंबायचे कुठे? शिवाय तिचा गिअरबॉक्स आणि डिफ (मागच्या चाकांचा डिफरन्शियल) पीपीएफ नावाच्या लांब सांगाड्याने एकमेकांना बांधलेले, म्हणजे तिथेही कापाकापी.

तिसरी बिनटर्बोची एफसी, १९८८ ची. इंजिन घरच्या घरी बसेल, पण मागच्या चाकाजवळ गंज आहे आणि डॅशबोर्ड हात लावला की तुटतो. त्यातून मालक भाव सोडायला तयार नाही.

इंजिन मी पान्याने हाताने फिरवून पाहिलं. प्लग काढून पुढच्या रोटरला कान लावला तर फुस्स, फुस्स, फुस्स, तिन्ही सारखे. मागच्या रोटरला एक फुस्स जोरात, नंतरचे दोन म्हातार्‍या माणसाने मेणबत्ती विझवावी तसे. पडून राहिल्यामुळे असेल ना?

प्रतिसाद: घिसाडी
अरे, खरा प्रश्न तू शेवटच्या ओळीत लपवलास! रोटरला तीन बाजू. एकच नरम असती तर साइड सील (रोटरच्या बगलेची, दाब धरणारी पट्टी) म्हटलं असतं. लागोपाठ दोन नरम म्हणजे त्या दोन बाजूंमधलं एपेक्स सील, टोकावरची पट्टी. कधी कधी कार्बनने नुसतं अडकलेलं असतं. प्लगच्या भोकातून थोडं तेल सोड, दोन दिवस ठेव, पुन्हा फिरव. तरी तेच असेल तर खोल. हाउसिंगचं (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाचं) क्रोम सोललेलं निघालं तर बजेटचा मोठा लचका तिथेच जाईल. गाडी नंतर.

दुसरं. पीपीएफ काय एमएक्स-५ लाच असते? आरएक्स-८ लाही आहे! एफसीचा गिअरबॉक्स तिच्यात घातलास तर डिफला वेगळा आधार बनवावा लागेल. तिचाच ६ गिअरचा बॉक्स ठेवलास तर टर्बोचा टॉर्क त्याला किती दिवस सोसेल, ते तूच ठरव. एफसीला पीपीएफची भानगडच नाही. मात्र बिनटर्बोच्या गाडीचा डिफ बदलावा लागेल.

प्रतिसाद: सुरेखा_मेलबर्न
भाऊ, इंजिन आणि टर्बो बदलायचं म्हणजे तुमच्याकडे एलव्हीव्ही सर्टिफिकेटचा (फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणायच्या मंजुरीचा) विषय येणार. पत्रा कापायच्या आधी सर्टिफायरला तिन्ही गाड्यांबद्दल विचारा. ब्रेक तर बघतीलच. आणि गंज कुठे आहे ते नीट सांगा. मडगार्डचा असेल तर चालतं, पण मागच्या स्ट्रटच्या (सस्पेन्शनच्या दांड्याच्या) बुडाशी असेल तर ती गाडी सोडून द्या.

धागाकर्ता
पीपीएफचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, घिसाडी, उपकार झाले. सुरेखाताई, काल टॉर्च घेऊन पुन्हा गेलो. गंज चाकाच्या कमानीच्या कडेला आहे, स्ट्रटकडे पत्रा कोरा. मालकाने दोनशे डॉलर कमी केले, तेही चहा पाजून. तेल टाकून दोन दिवस झाले, मागचा रोटर अजून तसाच आहे. शनिवारी इंजिन खोलतोय, हाउसिंगचे फोटो टाकतो.